मातीचा बैल कुणी ठेवत नाही

आमच्या हिंगणघाटकडच्या पट्ट्यात आजा-पणजाच्या काळचा सागवानी नंदी, म्हणजे पोरांनी दोरीनं ओढायचा चाकांचा लाकडी बैल, हुडकायला निघालात, तर दोन-चार गावं पालथी घालून मिळून जाईल. पैसे मोजावे लागतील, घरच्या बुढीची मनधरणी करावी लागेल, पण मिळेल. गेल्या पोळ्याला घराघरांत आणलेला मातीचा बैल मात्र शोधून दाखवा. आठवडी बाजारात जोडीनं विकला गेलेला, चहा-नाश्त्याच्या पैशात मिळणारा. दसऱ्याच्या आत तो गावातून नाहीसा होतो आणि तो गेला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जनावरांच्या मूर्ती जमवायचा नाद मला लागून बरीच वर्षं झाली. तेवढ्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: जी वस्तू घर जपतं ती आज ना उद्या हाती लागते, आणि जी टाकायचीच म्हणून बनवलेली असते ती मिळता मिळत नाही. फोनवर मात्र मला रोज याच्या उलट शिकवलं जातं. ‘रेअर पीस, लवकर सांगा, दुसरी पार्टी बसली आहे.’ वर तेल पाजून चकचकीत केलेल्या नंदीचा फोटो. मातीच्या बैलाचा फोटो मला आजवर एकाही दलालानं पाठवलेला नाही.

माझा धंदा मोटारी बांधायचा. विहिरीवरची मोटार जळाली की ती उतरवून दुकानात आणायची, जळकी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची आणि परत नेऊन बसवायची. हा धंदा नसता तर हा नाद मला जमलाच नसता. जुन्या वस्तू विकत घ्यायला आलेल्या माणसाला लोक सपरीतूनच वाटेला लावतात. मोटारीवाल्याला थेट कोठ्यापर्यंत, म्हणजे गोठ्यापर्यंत नेतात. सरपणाच्या ढिगामागं काय पडलंय, आड्याला काय टांगलंय, ते मला आपोआप दिसतं. त्यात कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकायची लाट आली. माळा गेला की माळ्यावरचं सगळं अंगणात येतं: तिफणीचं चाडं, मोडका डवरा, काच फुटलेला कंदील, आणि त्यातच कुठंतरी चाकं वर करून पडलेला नंदी.

‘नंदी न्यायचा असन तर न्या जी भाऊ, पर मोटारीचे पैसे कापूस इकल्यावरच,’ असं एकानं मला स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे नंदी पैशाच्या बदल्यात नव्हताच, उधारीवरचं व्याज होतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण मागं एका पाहुण्यानं मला विचारलं होतं की तान्हा पोळा म्हणजे गोऱ्ह्यांचा पोळा का. पिठोरी अमावस्येचा पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या प्रतिपदेला, तान्हा पोळा असतो, तो पोरांचा आणि लाकडी नंदींचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी तो १८०६ साली सुरू केला असं सांगतात. पोरं चाकाचा नंदी सजवतात, दोरीनं ओढत घरोघर नेतात, बाया त्याला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे ठेवतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी त्या दिवशी जत्रा भरते. तिथले काही नंदी एवढाले असतात की ते ओढायला पोरांचं काम नाही, बाप्येच लागतात.

हा सण आहे म्हणूनच लाकडी नंदी टिकला. वर्षातून एक दिवस का होईना, त्याला काम असतं, आणि काम असलेली वस्तू घर टाकत नाही. आजाचा नंदी बाप ओढतो, बापाचा लेक ओढतो. शेजारच्या गावात दोन भावांच्या हिश्शात नंदी थोरल्याकडं गेला, तर धाकट्यानं सुतार गाठून हुबेहूब दुसरा करवून घेतला. त्याला आता दोन पिढ्या लोटल्या. दोन्ही घरं आपलाच मूळचा असं छातीठोकपणे सांगतात. मी दोन्ही हातात घेऊन पाहिलेत आणि खरा कुठला ते मला कळलंही आहे, पण मला त्या गावात मोटारी बांधायच्या आहेत.

हातात घेऊन काय पाहायचं, ते माझ्याकडच्या एका नंदीवरूनच सांगतो. वणा नदीच्या काठच्या एका गावातून आलेला, हातभर लांबीचा, काही भारी कोरीव काम नसलेला हा नंदी. त्याची शिंगं आखूड आहेत आणि मागं झुकलेली आहेत. पहिल्यांदा वाटलं की मोडली असतील. पण टोकं घोटून गोल केलेली होती, मोडल्याची खूण नव्हती. मग तोंड पाहिलं: लांब, निमुळतं, कपाळ किंचित पुढं आलेलं. हा गवळाऊ होता. गवळाऊ म्हणजे आर्वी, आष्टी, कारंजाकडचा, पांढरा, हलक्या हाडाचा, चालीला तेज गोवंश. मराठ्यांच्या फौजेचं सामान हेच बैल ओढत असं जुनी माणसं सांगतात. खरी गंमत अशी की गवळाऊच्या मुलखात बसून आमचे सुतार लाकडी गवळाऊ करत नाहीत. ते महादेवाचा नंदी करतात, उंच कमानदार शिंगांचा, देवळात दिसतो तसा. या एका सुतारानं मात्र देवळाकडं पाठ फिरवून कोठ्याकडं पाहिलं. तो कोण, कुठला, काही कळायचा मार्ग नाही. पण वखराला जुंपलेला बैल त्यानं बांधावर बसून तासन् तास पाहिला असणार, एवढं त्या कपाळाच्या फुगीरपणावरून कळतं.

त्याच्या पोटाखाली, जिथं पोरांचे हात फार लागत नाहीत, तिथं रंगाचा एक टवका उडालाय. त्यात थर मोजता येतात. तळाशी चुना. त्यावर गेरू. मग नीळ घातलेला चुना, म्हणजे त्या वर्षी भिंती रंगवून उरलेला नंदीला फासलेला. त्यावर चंदेरी ऑइल पेंट, आणि सगळ्यांत वर सोनेरी. त्या घराची जमाखर्चाची वहीच म्हणा ना. कुठल्या साली हात सैल होता आणि कुठल्या साली उरलंसुरलं फासून भागवलं, ते त्यात वाचता येतं. पायांखालच्या पाटाच्या पुढच्या भोकाची खालची कड दोरीनं झिजून खोलगट झालीय, आणि ती झीज उजवीकडं जास्त आहे. चार चाकांपैकी तीन मूळची. चौथं म्हणजे गिरणीतल्या लाकडी बॉबिनचा कापून बसवलेला तुकडा. हिंगणघाटच्या गिरणीत त्या घरचं कुणीतरी कामाला असावं, हा माझा तर्क. एका दलालानं ते चाक बदलून ‘सेट पुरा’ करून द्यायची तयारी दाखवली होती. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

खोटे नंदी ओळखायलाही हीच झीज उपयोगी पडते. नव्या लाकडाला चहाचं पाणी, चुलीचा धूर, बूट पॉलिश आणि जळकं ऑइल लावून महिनाभरात पन्नास वर्षं म्हातारं करता येतं. पण म्हातारं करणारा माणूस सगळीकडं सारखा हात फिरवतो. घरात वाढलेला नंदी सारखा झिजत नाही. वशिंड गुळगुळीत होतं, कारण पोरं तिथं धरतात; कानाच्या मागं मात्र सुताराच्या वाकसाचे घाव जसेच्या तसे राहतात. वाकसाऐवजी गोल करवतीच्या कमानी दिसल्या की समजायचं लाकूड आरामशीनवर चिरलेलं आहे. पोटात चौफुलीचा स्क्रू निघाला तर पुढं बोलायचंच कारण नाही. उधईवरही, म्हणजे वाळवीवरही, जाऊ नका. उधई लागलेली फळी आणून तिचा नंदी कोरणारे महाभाग आहेत; तिथं किडीची भोकं कोरीव कामानं मधोमध कापलेली दिसतात, आणि कीड काही सुताराच्या आधी येऊन थांबत नाही. खऱ्या नंदीला भुंगा लागला असेल तर मी भोकाभोकांत इंजेक्शनच्या सुईनं रॉकेल सोडतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो. घरात वास राहतो. घरच्यांनी त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणून झालेलं आहे.

तान्ह्या पोळ्याला माझे नंदी फळीवरून खाली उतरतात. गल्लीतल्या ज्या पोट्ट्याकडं नंदी नाही त्यानं यावं आणि न्यावा. गवळाऊ आणि आणखी दोन सोडून बाकी सगळे. संग्रहालयाच्या शिस्तीत वाढलेला माणूस हे ऐकून कपाळाला हात लावेल, आणि त्याचं चूक नाही. दरवर्षी एखादा कान, एखादं शिंग जायबंदी होऊन येतं. पण फळीवर बसून राहिलेल्या नंदीची झीज थांबते, आणि त्या झिजेवरच तर मी भाळलो होतो. गेल्या खेपेला एक नंदी परत आला तो कपाळावर रेडियमचा स्टिकर लावून. मी तो काढलेला नाही. तोही थरच.

धातूच्या मूर्तींचं दुखणं वेगळं. त्यांना उधई लागत नाही, पावसानं काही होत नाही. त्यांचा घात त्यांच्या वजनानं होतो. देवघरातली पितळेची गाय, समईवरचा मोर, दिव्याचा हत्ती, हे सगळं भांड्यांबरोबर मोडीत जातं आणि नव्या स्टीलच्या डब्यांत परत येतं. मोडीच्या दुकानात तराजूवर पडलेल्या वस्तूला वयही नसतं आणि कारागीरही नसतो. म्हणून दायमाबादची गोष्ट मला दरवेळी नव्यानं आश्चर्याची वाटते. १९७४ साली, नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीनं ओढलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. भरीव ओतकाम, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर. मोडीत घातल्या असत्या तर किती पैसे झाले असते याचा हिशेब कुणीही करू शकला असता. त्या घातल्या गेल्या नाहीत. त्या नेमक्या किती जुन्या यावर अभ्यासकांत वाद आहे, पण ताम्रपाषाण काळातल्या मानल्या तर तीन हजार वर्षांहून पुढचं वय निघतं. त्यातल्या जनावरांच्या पायाखाली चाकांची सोय आहे. सिंदीच्या पोरासारखाच तेव्हाही कुणीतरी जनावर ओढत नेत होता, एवढं मला पुरतं.

बस्तरकडून येणाऱ्या ढोकऱ्याच्या घोड्यांबद्दल फार लिहीत नाही. मेणाच्या आकृतीवर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून जातं, त्या जागी पितळ ओततात, मग साचा फोडून मूर्ती काढायची. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून प्रत्येक घोडा जगात एकुलता एक, असं विकणारा सांगतो. ते खरंच आहे. पण एकुलते एक घोडे ट्रक भरून येतात. देखणे असतात, माझ्याकडंही आहेत. दुर्मिळ म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका.

काही गोष्टी मी घेत नाही, कितीही मनात भरल्या तरी. मेळघाटात कोरकू लोक मेलेल्या माणसासाठी सागाच्या लाकडाचा मुंडा कोरून उभा करतात. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला स्वार असतो. कोरीव घोडा म्हणून पाहिलं तर इतका रेखीव घोडा दुसरीकडं सहज दिसायचा नाही. असे मुंडे शहरातल्या दिवाणखान्यांत पोचलेले आहेत. कुणाच्या तरी बापाला आपण सोफ्याशेजारी उभं केलंय हे त्या घरात बहुतेक कुणाला सांगितलेलं नसतं. जंगलात देवाच्या ठाण्यावर वाहिलेल्या मातीच्या घोड्यांचंही तसंच. ते फुटतात, त्यांच्यावर शेवाळ चढतं, नवे वाहिले जातात. तिथून एक उचलला तर कुणी ओरडणार नाही हे माहीत असतं, म्हणूनच उचलायचा नाही.

कायद्याचं भान वेगळं ठेवावं लागतं. शंभर वर्षांवरची मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही, तिचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि ठरावीक प्रकारांची नोंदणी घरात ठेवणाऱ्यालाही करावी लागते. नांगरताना काही निघालं तर त्यासाठी त्याहून जुना, १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे; दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा, असं त्याच्या मूळ मसुद्यात म्हटलंय. दहा रुपयांत आता कटिंग चहा मिळतो, पण कायदा आहे. मी माझ्याकडच्या वस्तूंच्या वह्या ठेवतो: कुठून आली, कुणी दिली, किती दिले, कुणासमोर. दलालांना या वह्यांची फार चीड आहे.

आता मातीच्या बैलाकडं येतो.

आमच्या भागात तो आता मोजकी घरं करतात, त्यातल्या एका घरची आजी मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. बैलाला कुंभाराचं चाक लागत नाही. तलावाची काळी माती चाळून भिजवायची, त्यात राख आणि पिंजलेला थोडा कापूस मळायचा, नाहीतर आमची माती वाळता वाळता आकसते आणि बैलाच्या पाठीला भेग जाते. मग लांबट गोळा घेऊन आजी त्यातून चार पाय ओढून काढते. वशिंड एका चिमटीत. गळ्याखालची पोळी अंगठ्यानं दाबत आणलेली. डोळा तुरीच्या काडीच्या टोकानं टोचलेला, दोन्ही बाजूंना एकेकदाच. दुसऱ्यांदा टोचलं की बैल तिरळा होतो म्हणते. शेपूट वेगळं लावत नाही, ढुंगणावर नखानं एक रेघ ओढते. वाळल्यावर चुना आणि गेरू, शिंगांना बेगड. चुन्याखाली नीट पाहिलं तर वशिंडावर तिच्या चिमटीच्या रेघा दिसतात. हे सगळं एक-दोन मिनिटांत होतं, बोलता बोलता, माझ्याकडं पाहत.

ज्याच्या कोठ्यात बैल नाही तो पोळ्याला मातीची जोडी पूजतो. ट्रॅक्टर आले, कोठे रिकामे झाले, तशी अशी घरं वाढली. म्हणजे हिशेबानं आजीचा धंदा वाढायला हवा होता. झालं उलटंच. वाढलेली मागणी शहरातून येणाऱ्या साच्यातल्या पीओपीच्या बैलांनी भागवली. रंगीत, झुलीवर चमकी लावलेले, सगळ्यांचं तोंड एकच. ते विरघळत नाहीत. पोळा होऊन महिना लोटला तरी तलावाच्या काठावर, नालीत, शाळेच्या कुंपणापाशी एक पाय तुटलेले पीओपीचे बैल आडवे पडलेले दिसतात. उद्या कुणी आमच्या गावाची माती उकरली, तर आम्ही याच बैलाची पूजा करत होतो असंच त्याला वाटेल.

आजीचा बैल सापडायचा नाही, कारण तो कुणी ठेवत नाही. पूजा झाली, नैवेद्य झाला, की तो तुळशीपाशी जातो किंवा पोरांच्या हातात. तुळशीपाशी भाद्रपदाचा पाऊस त्याला दोन-चार सरींत खाली बसवतो. पोरांच्या हातात तो त्याहून लवकर संपतो. उरलाच तर नाल्यात. यात कुणाला वाईट वाटत नाही. त्या दिवसांत आमच्याकडं घालवण्याचीच रीत आहे. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत आम्ही मारबत, म्हणजे ईडापीडेचा पुतळा, वेशीबाहेर नेतो, नागपुरात १८८० च्या दशकापासून काळी आणि पिवळी अशा भल्यामोठ्या मारबती मिरवून जाळतात. महिनाभर खपून केलेलं तासाभरात जातं.

मी आजीला म्हटलं होतं, दोन जोड्या भट्टीत टाकून दे, मडक्यांबरोबर. तिनं हात थांबवले.

‘भाजलेला बैल इरघळत नायी, बापू. मंग तो जाईन कसा?’

‘तो जायलेच नाही पायजे, आजी. ठेवाचाच आहे.’

‘मंग त्याले बैल कायले म्हनता? खेळनं म्हना.’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि भाजलेली जोडी तिनं आजवर दिलेली नाही. मडकी, रांजण, पणत्या भाजते. बैल नाही.

उत्खननाच्या गोष्टी वाचताना म्हणूनच मी भाजलेलं की कच्चं हे आधी पाहतो. जमिनीत न्याय उलटा असतो. घरात सागवान टिकतं आणि माती जाते. जमिनीखाली लाकडाचं काही उरत नाही आणि भाजलेल्या मातीचा तुकडाही हजारो वर्षं तसाच राहतो. आपल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून जी मातीची जनावरं निघतात ती भाजलेली म्हणून निघतात. कच्चीही तेव्हा केली असतीलच, कदाचित जास्तच, पण ती कुठून दिसणार?

एक दिसली आहे. इनामगावला, पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढची पंधराएक वर्षं उत्खनन केलं. तिथं एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरलेली मिळाली, आणि तिच्याबरोबर शीर नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. कच्च्या मातीचे. तीन हजार वर्षांहून जुने. बैलाच्या पाठीत एक भोक आणि त्या बाईच्या पोटात एक. मधून काडी घातली की ती बैलावर बसते. मला त्यातलं कर्मकांड काय असेल ते सांगता येणार नाही, तो माझा प्रांत नाही. मी त्या बैलाचा फोटो मोठा करकरून एवढंच पाहतो की कुणीतरी तो पाण्यापासून, पायांपासून जपून, पेटीसोबत, जमिनीखाली ठेवला. एका घरानं एकदा कच्चा बैल घालवायचा नाही असं ठरवलं होतं. कशासाठी ते त्यांना माहीत.

माझी पेटी म्हणजे बिस्किटांचे पत्र्याचे डबे. आत कळीच्या चुन्याची पुरचुंडी, दमट हवा ओढून घ्यायला, आणि कडुलिंबाचा वाळका पाला. दरवर्षी आजीकडून एक जोडी ठेवायला घेतो आणि तिच्या बुडाला पेन्सिलनं साल लिहितो, माती कुठली तेही लिहितो. काहींच्या पाठी तरीही भेगाळल्यात, एकाचं शिंग डबा उघडताना गळून हातात आलं. चिकटवलेलं नाही, शिंग डब्यातच बाजूला ठेवलंय. गोळा करणाऱ्यांना हे वेड वाटतं. बाजारात याला काडीचा भाव नाही आणि येईल असंही दिसत नाही. पण सगळे डबे ओळीनं उघडून ठेवले की एक गोष्ट दिसते, जी लाकडाच्या नंदीत कधी दिसायची नाही. आजीचा हात म्हातारा होत चाललाय. पहिल्या बैलांचे पाय सडपातळ आहेत, उभे राहतात ऐटीत. अलीकडच्यांचे आखूड आणि जाड, बसके. वशिंड मात्र अजून तसंच, एका चिमटीत.

मातीची जागाही बदलली. आधीच्या सगळ्या जोड्यांच्या बुडाशी गावतलावाचं नाव आहे. मग तलावातला गाळ उपसून शेतांत टाकायची मोहीम आली. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. शेतकऱ्यांना सोन्यासारखी माती मिळाली, तलावात पाणी वाढलं, माझ्या मोटारींचं गिऱ्हाईकही वाढलं. आजीची माती तेवढी गेली. जेसीबीला कुंभाराचा कोपरा वेगळा कसा ओळखू येणार? आता ती दुसऱ्या गावच्या नाल्यातून माती आणते, ती रेताड आहे, आणि बैल वाळला की अंगावर बारीक कण चमकतात. नव्या जोड्या अंधारातही ओळखता येतात, बोट फिरवलं की खरखरतात.

आजीचा नातू हिंगणघाटला दुकानात कामाला आहे, त्याला यात पडायचं नाही, आणि मी त्याला आग्रह करणार नाही. स्वतः मोटारी सोडून मी तरी काय शिकलो? पण आजी म्हणाली की कुणी सांगितलं तरच यंदा करीन, बाजारात पाटी घेऊन बसायला आता गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा मी गल्लीत फिरलो. ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांची नावं लिहून घेतली आणि सगळ्यांच्या वतीनं सांगून आलो. काहींनी आनंदानं हो म्हटलं, काहींनी माझ्या भिडेखातर. एका घरानं पीओपीचाच पाहिजे म्हणून सांगितलं, त्याला झूल असते.

घाऊक माल घेता तर भाव पाडून मागा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आजीनं उलट वाढवून सांगितला. माती आणायला ऑटो लागतो, त्याचं भाडं कोण देईन, हा तिचा सवाल. बरीच घासाघीस होऊन अर्धं भाडं मी रोख द्यायचं ठरलं आणि उरलेल्या अर्ध्याच्या बदल्यात तिचा जळालेला टेबल फॅन बांधून द्यायचा. फॅन पोळ्याच्या पंधरा दिवस आधी हातात पायजे, असं तिनं दोनदा बजावलंय. पावसाळी हवेत त्याच्याशिवाय बैल वाळत नाहीत म्हणे.